माळकरी बेकन

अमेरिकेतल्या मराठी घरांत डुकराचं मांस कुणी खात नाही. बेकन खातात.

या दोन वाक्यांत ज्याला विसंगती दिसते, तो एक तर नुकताच विमानातून उतरलेला असतो किंवा मूळचा वसईचा असतो. बाकी कुणाला त्यात काही खटकत नाही. आमच्या ओळखीत एक काका आहेत. गणपतीत आरतीचं तबक त्यांच्याशिवाय हलत नाही. ‘पोर्क’ म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि रविवारी सकाळी डायनरमध्ये अंड्यांशेजारी बेकनच्या चार पट्ट्या पडतात. छेडलं तर सांगतात, “अहो, ते फार पातळ असतं.” पातळपणाचा मुद्दा एकदा मान्य झाला की पुढची वाट मोकळी. कुणी सॅलडवर भुरभुरलेलं खातं, कारण सॅलड ही भाजी. कुणी फक्त प्रवासात खातं. कुणाच्या घरात चालत नाही, पण मागच्या अंगणातल्या ग्रिलवर चालतं, जणू सोवळ्याची हद्द सरकत्या दारापाशी संपते. ‘पीस नको, नुसता रस्सा वाढा’ म्हणणाऱ्यांची आपल्याकडे थोर परंपरा आहे. ही मंडळी त्याच घराण्यातली. बेकनला रस्सा नसतो, एवढीच त्यांची इथे पंचाईत.

खरे हाल होतात ते काहीच न खाणाऱ्यांचे. टेक्सासात फरसबीची भाजी मागवा, तिच्यात बेकनचे तुकडे निघतात. पालेभाजी मागवा, ती डुकराच्या हाडाबरोबर तासभर शिजलेली असते. वाढणाऱ्या बाईला आधीच विचारलं, “यात मांस आहे का?” तर ती अगदी मनापासून “नाही” म्हणते. खोटं बोलायचं तिच्या मनातही नसतं. तिच्या लेखी बेकन हे मांस नसून मिठाचा एक प्रकार आहे. म्हणजे टेक्सासची वाढपीण आणि आमचे आरतीवाले काका यांचं या बाबतीत पूर्ण एकमत आहे, आणि अशा ठिकाणी आपण वाद घालू नये.

हे बेकन सकाळच्या ताटात आलं कसं, ती गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यात डॉक्टर आहेत. १९२०च्या दशकात अमेरिकी माणूस सकाळी कॉफी, पाव, फार तर संत्र्याचा रस एवढ्यावर कामाला पळत असे. बीच-नट नावाच्या कंपनीला बेकन खपवायचं होतं. तिने गाठलं एडवर्ड बर्नेजला. जनसंपर्क नावाच्या धंद्याचा हा मूळपुरुष, आणि सिग्मंड फ्रॉइडचा सख्खा भाचा. म्हणजे माणसाच्या मनात काय चालतं याचं बाळकडू मामाकडचं. याने बेकनची स्तुती केलीच नाही. आपल्या डॉक्टरला विचारलं, न्याहारी हलकी बरी की भरपेट? डॉक्टर म्हणाला, भरपेट. मग त्याच डॉक्टरकडून देशभरातल्या सुमारे ५००० डॉक्टरांना पत्रं गेली. बहुतेकांनी मान डोलावली, वर्तमानपत्रांनी ते छापलं, आणि भरपेट न्याहारी म्हणजे बेकन आणि अंडी हे देशाच्या डोक्यात बसलं ते बसलं.

पुढे २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने खारवलेलं, धुरावलेलं सगळं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. तेही डॉक्टरच होते. पण माझ्या नवऱ्याचा अजून १९२०च्या डॉक्टरांवर विश्वास आहे. “जुने डॉक्टर पैशामागे नव्हते,” असं तो म्हणतो. बर्नेजची गोष्ट मी त्याला चार लोकांसमोर सांगितली, तरी म्हणतो.

आम्ही राहतो शुगर लँडला. ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येचं हे उपनगर, नावाप्रमाणे साखरेचंच. इंपीरियल शुगर कंपनीची रिफायनरी इथे होती, ती या शतकाच्या सुरुवातीला बंद झाली. विटांची जुनी उंच इमारत तेवढी उभी आहे. माझ्या सासूबाई सांगलीच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा ती इमारत त्यांना मोठ्या अभिमानाने दाखवली. त्यांनी गाडीच्या काचेतून नीट पाहून घेतलं आणि विचारलं, “कुणाच्या गटाचा होता?” मी म्हटलं, “आई, इथे गट नसतात.” “मग बंद कसा पडला?” याला उत्तर नव्हतं. जरा वेळाने त्यांनी स्वतःशीच निकाल दिला, “ऊसबिलं थकली असणार.”

सासूबाई माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कडक, कांदा-लसणाचेही दिवस ठरलेले. आणि त्यांच्या हाताच्या मटणासाठी सांगलीत लोक निमित्तं काढून घरी येतात. ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: आमच्याकडे अशा बायका घरोघरी सापडतात. माळ बाईच्या गळ्यात असते, जीभ घरातल्या पुरुषांची सुटलेली असते. मग ती बाई आयुष्यभर तांबडा रस्सा करते आणि त्यातला थेंबही चाखत नाही. मीठ वासावर, तिखट रंगावर आणि मटण शिजलं की नाही ते पातेल्याच्या आवाजावर. मी स्वतः चमच्याने दहादा चाखूनही खारट करते, म्हणून या विद्येबद्दल मला धाक आहे.

यंदा त्या ऑक्टोबरात आल्या, आणि ऑक्टोबर म्हणजे पेकनचा, अक्रोडाच्या त्या चुलत भावाचा, हंगाम. शेजारणीच्या अंगणातलं पेकनचं झाड कुंपणावरून निम्मं आमच्याकडे झुकलंय. पेकन एक वर्ष भरभरून येतो, दुसऱ्या वर्षी हात आखडतो. यंदाचं वर्ष भरभरून येण्याचं होतं. गवतात टपटप पाऊस. सासूबाईंनी झाड बघितलं, कुंपण बघितलं, फांदी बघितली, आणि त्यांच्यातली शेतकरीण जागी झाली. “बांधावरचं झाड आहे. निम्मा माल आपला.” त्या भांडायच्या पूर्ण तयारीत होत्या. पदर खोचलेला, मुद्दे मनात मांडलेले. शेजारीण बाहेर आली आणि म्हणाली, हवे तितके घ्या, नाहीतर खारी नेतात. त्यांचा इतका हिरमोड झालेला मी पूर्वी पाहिला नव्हता.

या झाडाला टेक्सासात मोठा मान. १९१९ साली ते राज्यवृक्ष झालं, आणि त्याचं श्रेय जातं एका गव्हर्नरला. हा माणूस १९०६ साली वारला. जाण्याआधी सांगून गेला की माझ्या थडग्यावर दगड नको. डोक्याशी पेकनचं झाड लावा, पायाशी अक्रोडाचं, आणि त्यांची फळं लोकांना वाटा म्हणजे ते आपापल्या दारी लावतील. ही सगळी सात्त्विक कहाणी मी सासूबाईंना भक्तिभावाने सांगत होते. माझ्या मुलाने मध्येच तोंड घातलं, “आजी, नाव विचार ना त्याचं.” नाव जेम्स हॉग. हॉग म्हणजे डुक्कर. त्याने स्वतःच्या मुलीचं नाव ठेवलं आयमा, म्हणजे इंग्रजीत पूर्ण नाव घेतलं की पोरगी जन्मभर ‘मी डुक्कर आहे’ असं सांगत फिरणार. बाई मात्र खमकी निघाली. ह्यूस्टनला वाद्यवृंद मिळवून देण्यात तिचा हात होता, आणि स्वतःचं घर तिने कलासंग्रहालयाला देऊन टाकलं. पण मुद्दा असा की टेक्सासात पेकन आणि डुकराची सोयरीक जुनीच, खुद्द गव्हर्नरच्या थडग्यापासूनची.

सोयरीक इथे थांबत नाही. पेकन हा हिकरीच्या कुळातला वृक्ष, आणि बेकनला धूर देतात तो बहुधा हिकरीच्या लाकडाचा, टेक्सासात पुष्कळदा पेकनच्याच. म्हणजे पुढे येणाऱ्या कृतीत बेकन त्याच झाडाच्या धुरात माखायचं आणि वर त्याचीच फळं थापायची.

पेकनच्या कलमाची एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. बी लावून आलेलं पेकनचं झाड आईबापांवर जाईलच असं नाही, हे कोकणातल्या आंबेवाल्याला सांगायला नको. १८४०च्या दशकात लुइझियानातल्या ओक ॲली नावाच्या मळ्यावर अंत्वान नावाच्या माळ्याने पेकनची कलमं यशस्वी करून दाखवली, आणि पातळ कवचाच्या पेकनच्या बागा लावायची वाट मोकळी झाली. तीस वर्षांनी, १८७६च्या फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात त्या वाणाचं कौतुक झालं, वाणाला ‘सेंटेनियल’ असं झोकदार नाव मिळालं. अंत्वान गुलाम होता. त्याचं आडनाव कुठल्या वहीत नाही. मळ्याच्या मालमत्तेच्या यादीत त्याची किंमत आहे. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या पेकन सोलायच्या थांबल्या. “कलम करणाऱ्याचा हात वेगळाच असतो,” एवढंच म्हणाल्या.

त्यांचं सोलणंही बघण्यासारखं. दोन पेकन एका मुठीत धरून एकमेकांवर दाबायचे, एक फुटतो. मग दोन्ही डाळिंब्यांच्या मधला तपकिरी, भुसभुशीत पडदा नखाने कोरून काढायचा. तो कडू-तुरट असतो, राहिला तर सगळ्या घाण्याची चव बिघडवतो. पाकिटातला पेकन विकत घेणाऱ्यांना हा पडदा माहीतच नसतो. आठवड्याभरात आमच्याकडे डबे भरले. दिवाळीच्या करंज्यांत पेकन गेला, चिवड्यात पेकन गेला, शेवटी वरणात जाईल अशी धास्ती वाटायला लागली. आणि त्याच सुमारास शेजारीण दारात उभी राहिली. हातात जाड कापाच्या बेकनची दोन पाकिटं.

ही शेजारीण मूळची न्यू ऑर्लिन्सची, कतरिना वादळानंतर इकडे आलेली. त्या गावाला गोडाचं वेड. फ्रेंचांनी बदाम साखरेत घोळवून आणले, न्यू ऑर्लिन्समध्ये बदामांच्या जागी पेकन आला, पाकात साय पडली, आणि त्या प्रालीनच्या वड्या टोपलीत घेऊन काळ्या बायका फ्रेंच क्वार्टरच्या रस्त्यांवर विकत बसल्या. पुढे कुणाला तरी वाटलं की हेच बेकनवर थापावं. बायवॉटर भागातल्या एलिझाबेथ्स नावाच्या खानावळीचं प्रालीन बेकन तर खास त्यासाठी वाट वाकडी करून खाण्यातलं. दक्षिणेत त्याला लाडाने ‘पिग कँडी’ म्हणतात. शेजारणीचं म्हणणं सरळ होतं: पेकन तुझ्याकडे, बेकन माझ्याकडे, तुझा ओव्हन मोठा. मी मागे वळून सासूबाईंकडे पाहिलं. मला वाटलं होतं, निदान दोन दिवसांचा अबोला.

त्यांनी अटी घातल्या. त्यांची कढई, त्यांचा झारा, त्यांची परात यांना हात लावायचा नाही. खिडक्या सताड उघड्या. आणि त्या स्वतः स्वयंपाकघरातच बसणार, पण पाठ करून. “मी बघणार न्हाई. पण मला खोलीत कोंडू नका.” त्यांनी खुर्ची ओढली, ओव्हनकडे पाठ केली, हातात जपमाळ घेतली.

शेजारणीने ब्राउन शुगरचं पाकीट फोडलं. सासूबाईंना वास आला. “गूळ?” मी म्हटलं, साखरच, पण काकवी घातलेली. त्यांनी जपमाळ थांबवली. साखर कारखान्याच्या परिसरात जन्म गेलेल्या बाईला हे पचणं अवघडच. “म्हणजे आधी काकवी काढायची, साखर पांढरी करायची, आणि मग तीच काकवी परत घालायची?” होय. “मग काढली कशाला?” शेजारणीला भाषांतर करून सांगितलं. ती बराच वेळ पाकिटाकडे बघत राहिली. तिलाही कुणी आजवर हे विचारलं नव्हतं.

आता कृती. बेकन जाड कापाचंच हवं. पातळ पट्टीचा पाकाखाली चुरमुरा होतो. ट्रेला फॉइल, फॉइलवर जाळी, जाळीवर पट्ट्या, म्हणजे सुटलेली चरबी खाली गळते आणि पट्टी स्वतःच्या तेलात पोहत नाही. ओव्हन ३५० फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १७५ सेल्सिअस. अर्ध्या किलोहून थोड्या कमी बेकनला अर्धी वाटी ब्राउन शुगर, जवळजवळ तेवढाच बारीक चिरलेला पेकन, चिमूट-दोन चिमटी लाल तिखट. मीठ अजिबात नाही. डुक्कर ते घेऊनच येतं. पेकन खारवलेले घ्यायचे नाहीत ते याचसाठी.

शेजारीण साखर-पेकनचं मिश्रण कच्च्या पट्ट्यांवरच थापायला निघाली होती. पाठमोऱ्या खुर्चीतून आवाज आला, “आत्ताच साखर? तिला म्हणावं, मांसाला अजून पाणी सुटायचंय. पाक पातळ होऊन खाली जाईल, राहील तो करपेल.” माळकरी बाई चूक बोलली नव्हती. पट्टी आधी कोरडीच बारा-पंधरा मिनिटं जाऊ द्यावी, चरबी सुटू द्यावी, आणि कड आखडायला लागली की मग साखर. ओव्हनचं दार बंद, पंखा चालू, तरी सासूबाई ऐकत होत्या. आधी आतून ओली चुरचुर येत होती. ती हळूहळू बारीक, कोरडी तडतड झाली. “आटलं पाणी. आता घाला.” आम्ही दार उघडलं. पट्ट्या बरोबर हव्या तशा होत्या. शेजारणीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू या घरात नक्की कोण कोण राहतं हे तिला नव्याने कळत होतं.

वरून साखर-पेकन दाबून बसवलं आणि ट्रे पुन्हा आत. ही शेवटची दहा-बारा मिनिटं खरी कसोटीची. साखर विरघळते, बुडबुडते, तिचा रंग मधाचा होतो आणि मग कुठल्याही क्षणी कोळशाचा होऊ शकतो. पेकन त्याहून उतावळा. छापील कृतीत इथे मिनिटं लिहिलेली असतात. ती लिहिणाऱ्याच्या ओव्हनची असतात, तुमच्या नव्हे. शेजारणीने फोनवर गजर लावला होता. गजर वाजायला बराच अवकाश असताना सासूबाई म्हणाल्या, “काढा.” शेजारीण म्हणाली, अजून वेळ आहे. “काढा म्हणते ना. गोळीबंद झालाय. आणखी दोन मिनिटांनी दात लावता येणार नाही.” एकतारी, दोनतारी, गोळीबंद हे शब्द मी इंग्रजीत काय डोंबल सांगणार? मी नुसता ट्रे काढला. गजर नंतर टेबलावर वाजत बसला, कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

पुढची भानगड कागदाची. बेकन काढलं की टिश्यूवर टाकून तेल टिपायचं, ही अमेरिकेची हाताला लागलेली सवय. शेजारणीने कागद पसरलाच होता. खुर्चीवरून दरडावणी आली, “पाकातलं कुणी कागदावर टाकतं का? कागदासकट खाणार आहात? ताटाला तेल लावून घ्या.” आणि लगेच दुसरी सूचना, “तेल. तूप नव्हे.” पट्ट्या तेलाच्या ताटात सुट्या सुट्या मांडल्या. गार होता होता त्या कडक झाल्या, वर पेकनचा चकाकता थर. शेजारणीने एक मोडली. कडकन आवाज झाला. तिने डोळे मिटले, चावली, आणि न्यू ऑर्लिन्सच्या आपल्या आजीचं नाव घेतलं. मीही खाल्ली. आधी साखर, मग खार, मग धूर, आणि सगळ्यात शेवटी घशात तिखट. पोह्यांवर साखर टाकणाऱ्या, आमटीत गूळ घालणाऱ्या जिभेला यात परकं असं काही नसतं. चकित होतात ते अमेरिकन, आणि तेही दर वेळी नव्याने.

दिवाळीत घरी मंडळी जमली. फराळाचं टेबल आत. बाहेर पडवीत वेगळं टेबल, त्यावर शेजारणीचा ट्रे आणि माझ्या मुलाने लिहिलेली पाटी: ‘मांसाहारी’. थोड्या वेळाने मला दिसलं की आरतीवाले काका बाहेर उभे आहेत आणि बशीतल्या पट्टीवरचा पेकन नखाने अलगद उचकटताहेत. पकडले गेल्यावर म्हणाले, “वरचा सुकामेवा तेवढा घेतोय.” सुकामेवा धुराचा आणि चरबीचा निथळत होता. पण सुकामेवा म्हटल्यावर त्याला फराळाचा दर्जा मिळतो, उपासालाही चालतो, आणि गरीब बिचारी पट्टी बशीच्या कडेला उघडी पडते. तीही नंतर दिसली नाही. “टाकून कशाला द्यायची,” असं स्पष्टीकरण मिळालं. अन्नाला नावं ठेवू नयेत, हे संस्कार आडवे आले असणार.

हे सगळं आमची वसईची मैत्रीण बघत होती. तिच्या माहेरी नाताळात सोरपोतेल शिजतं, सासर गोव्याचं, त्यामुळे फ्रीजरमध्ये चोरीसच्या माळा. तिने काकांसमोरून एक आख्खी पट्टी उचलली. “काका, डुक्कर आहे हं हे. आमच्याकडे आम्ही डुकराला डुक्करच म्हणतो, आणि मग खातो.” काका ओशाळून हसले. ती पुढे म्हणाली, छान झालंय, पण व्हिनेगर हवं होतं. हे ती पुरणपोळीबद्दलही म्हणेल. पण त्या पडवीत सरळ बोलणारी आणि सरळ खाणारी ती एकटीच होती, हे मला मान्य केलं पाहिजे. आमच्यापैकी बाकीचे सगळे काही ना काही पोटकलमाखाली खात होते. मी ‘लेखासाठी’ खात होते.

सासूबाई आत, चकल्यांपाशी. येणारी प्रत्येक बाई त्यांना विचारायची, “काकू, ते बेकन तुम्ही केलंत म्हणे?” त्या शांतपणे म्हणायच्या, “मी कुठं? माझी तर पाठ होती.” आणि मग पाक कुठल्या क्षणी उतरवायचा ते सविस्तर सांगायच्या.

या प्रकरणाचा निकाल लागायचा होता तो चरबीवर. दक्षिणेतल्या घरांत बेकनची चरबी फेकत नाहीत, गाळून काचेच्या बरणीत ठेवतात आणि मक्याच्या पावाला, भाजीला, अंड्यांना पुरवून पुरवून वापरतात. शेजारणीने मोठ्या प्रेमाने ती बरणी आमच्या फ्रीजमध्ये ठेवून दिली. गार झाल्यावर ती पांढरी, रवाळ, दाट. शेजारीच सासूबाईंनी घरी लोणी कढवून केलेल्या तुपाची बरणी. त्याच कंपनीची, त्याच मापाची, तेच झाकण. सकाळी वरणभातावर तूप घ्यायला त्यांनी फ्रीज उघडला आणि त्या कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. हात पुढे केलेला, कुठल्याच बरणीला न लागलेला. जन्मभर वासावर रस्सा उतरवणारी बाई. पण फ्रीजमधल्या थंड बरणीला वास नसतो.

मी लगेच पट्टी चिकटवली: ‘तूप नव्हे’. त्यांनी ती वाचली, मान हलवली. त्यांच्या मते जगात तूप नसलेल्या वस्तू असंख्य आहेत, त्याने काही सिद्ध होत नाही. मग मी दुसऱ्या बरणीवर लिहिलं, ‘हेच तूप’. तेही त्यांना पटलं नाही. झाकणं बदलली तर? नवरा म्हणाला, आई, उगाच कोण बदलेल? त्यांनी मुलाकडे आणि त्याच्या १९२०च्या डॉक्टरांकडे एक नजर टाकली.

तेव्हापासून तूप त्यांच्या खोलीत आहे. कपाटात, वरच्या फळीवर, इरकलीच्या घडीमागे. पुरणपोळी असली की आम्ही वाटी घेऊन दारावर टकटक करतो, आणि त्या आधी वाटी नाकाशी धरून बघतात.